घारीची पाठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, ते वसंतराव टिपणीस रस्त्यात भेटले की आधी आकाशाकडे बघायचे आणि मग माणसाकडे. आकाशाकडेही सरळ नाही. कोंबडी दाणा शोधताना करते तशी मान वाकडी करून. "हवा चढतेय," म्हणायचे. मग, "बरा आहेस ना?"

नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. ठाण्यातल्या एका कचेरीत आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. मी त्यांना काका म्हणायचो. कचेरी सुटली की काका कारकून राहत नसत. जागतिक ग्लायडिंगचे भारतातले पत्रव्यवहार-प्रमुख होत. ही नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दोराने ओढून वर सोडायचं आणि उन्हाने तापून चढणाऱ्या हवेवर तरंगत राहायचं. पोलंड, जपान, अर्जेंटिना, कुठेही चार माणसं हा खेळ खेळताहेत असं कळलं की काकांचं पत्र गेलंच: भारतात या, आमच्या मुलांना तुमच्याकडे बोलवा, तुमची नियमावली पाठवा.

काकू म्हणायच्या, "यांना अर्जेंटिनाचा वारा कळतो. घरातला गॅस संपलेला कळत नाही."

मी कळव्याच्या चाळीतला, घरातला पहिला बी.ए. इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं की तळहाताला घाम सुटायचा. काकांनी मला टाइपरायटरसमोर बसवलं आणि परदेशातून आलेली पत्रं पुढ्यात टाकली. "वाच. या पोलंडवाल्याने एका ओळीत तीन चुका केल्यात. पडलं का त्याचं विमान? मग तू रे कशाला घाबरतोस?" तिथे मी इंग्रजी शिकलो. पुढे खात्याची परीक्षा पास झालो ती त्याच जोरावर.

दर रविवारी काका वही घेऊन कळव्याच्या खाडीवर यायचे. घार पंख न हलवता गोल गोल वर जाते तिथे चढती हवा असते, म्हणून घारी मोजायला. काठावर जनाबाई कोळीण मासळी वाळत घालायची, त्यामुळे घारींना तोटा नव्हता. "मास्तर, वारा फिरला. आता बघा घारी कशा वर जातान," ती सांगायची, आणि काका वेळेसकट टिपून घ्यायचे. एकदा तिने विचारलंच, "सगल्या दुनियेला उडवताव. तुमी कवा उडनार?"

"जनाबाई, आम्ही संघटनेची माणसं."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ग्लायडिंगचं मैदान पुण्याजवळ होतं, पण काका तिकडे कधी फिरकत नसत. संघटनेच्या माणसाने मैदानावर गर्दी करू नये म्हणे.

त्यांचं खरं वेड म्हणजे अनुभवपत्रक. सतरा प्रश्न. जो उडेल त्याने चोवीस तासांत भरून टपालात टाकायचं. पहिल्या सोळा प्रश्नांत उंची, वारा, वेळ. ती उत्तरं मी फाइलला लावायची. सतरावा प्रश्न, 'वरून सर्वांत आधी काय दिसलं?' त्याचं उत्तर काका स्वतः मोठ्याने वाचायचे, दोनदा. एका जपानी बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या अंगणात वाळत घातलेली चादर.' त्या दिवशी काकांचा चहा समोर गार झाला.

नव्वद सालानंतर केव्हातरी, इतक्या वर्षांच्या पत्रांना यश येऊन, पोलंडहून खरोखर एक पाहुणे आले. तेच, तीन चुकांचे यानेक. काकूंचे पोहे दोनदा मागून घेतले आणि काकांना म्हणाले, "मैदानावर तुम्हीच सोबत चला." काकांनी मला पुढे केलं. "मिलिंद येईल. आठवडाभर राहील. आम्ही संघटनेची..."

मैदानावरच्या वयस्क प्रशिक्षकांना मी काकांचं नाव सांगितलं. ते हसले. "टिपणीस? अजून पत्रं लिहितो? आम्ही बरोबरच आलेलो इथे. तो डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. डावा डोळा जन्मापासून अधू. सायकलवर टांग टाकून गेला, तो आजपर्यंत आला नाही."

मला ती वाकडी मान आठवली. मग प्रशिक्षकांना एक प्रश्न विचारला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उडून आल्यावर काकांना हे पत्र टाकलं.

ती. काकांस,
सा. न.

अनुभवपत्रक सोबत आहे. चोवीस तासांच्या आत टाकतोय. सोळा उत्तरं फाइलला लावा. सतरावं इथे लिहितो.

वरून सर्वांत आधी घारीची पाठ दिसली. काका, आपण इतकी वर्षं खाडीवर उभे राहून घारीचं पोटच बघत होतो. पाठ तपकिरी असते, वळताना ऊन पडलं की तांब्यासारखी चमकते. ती आमच्या खाली होती आणि पंख हलवत नव्हती.

आणखी एक. एवढ्या देशांच्या नियमावल्या तुम्ही सांगितल्यात, मी टाइप केल्या, पण एक साधी गोष्ट आपण कुणाला विचारली नाही. डोळ्यांची तपासणी विमान चालवणाऱ्याची असते. नुसतं सोबत बसणाऱ्याला ती लागत नाही. मी इथल्या सरांना विचारून खात्री केली. ते मागे बसून चालवतात. पाहुणा पुढे बसतो. पुढून काहीही आड येत नाही. पुढच्या सीटला ठरावीक वजन लागतं, तुमचं कमी भरेल, पण शिशाची पट्टी ठेवतात. तोवर काकू वाढतील तेवढं जेवा.

रविवारच्या पहिल्या उड्डाणाला तुमचं नाव लिहिलंय. शनिवारी दुपारी पुणे स्टेशनवर मी आणि यानेक उभे असू. कोरं अनुभवपत्रक एक शिल्लक आहे, ते तुमच्यासाठी ठेवतो.

तुमचा,
मिलिंद