ओळीने आलेली बिलं

अनुयाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पालेगावातल्या आपल्या सोसायटीची बिलांची फाइल मागून आणली आणि दुसऱ्याच दिवशी अख्खी सोसायटी पेटवली. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. सरांनी नुकतंच शिकवलं होतं, की एखाद्या दुकानदाराच्या बिलांचे नंबर वर्षभर ओळीने येत असतील, तर त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही. दुकान कागदावरचं असू शकतं. आणि कॅम्प दोनच्या बाजारातल्या इलेक्ट्रिक दुकानाची बिलं एक ते एकोणतीस, मध्ये एकही खाडा नाही!

"दुकान आहे गं, सामान मीच आणते," कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी उमाकाकू म्हणाल्या. "पण फाइल कोणाकडे असते? खजिनदारांकडे! नंबर त्यांनीच घातले असतील."

खजिनदार गुरुदत्तकाका लालबुंद झाले. "चला, दुकानातच विचारू."

"आत्ता? माझा गुडघा..." उमाकाकू कुरकुरल्या.

पण अनुयाने रिक्षा थांबवली होती.

दुकानात मालकीण मायाआंटी वायर मोजत होत्या. अनुयाने जरबेने विचारलं, "तुम्हाला दुसरी गिऱ्हाइकं नाहीत का?"

आंटींनी नुसतं वर बोट दाखवलं. छतापर्यंत बिलबुकं रचलेली, प्रत्येकावर एकेक नाव. "हर गिऱ्हाईक का अलग बुक. सगळ्यांचं एकपासून चालू. झगडा नको."

अनुयाचा चेहरा पडला. "सॉरी काका," ती कशीबशी म्हणाली.

आंटींनी मात्र सोसायटीचं बुक काढलं आणि तिच्या फाइलशेजारी ठेवलं. बोटाला थुंकी लावून पानं सरसर उलटली.

"ये देख बेटा. अठरा नंबर. माझ्या कार्बन कॉपीत साडेतीनशे, तुझ्याकडे तेराशे पन्नास. मैं एक सीधा लिखती हूँ. पुढे लावलेल्या या एकला टोपी आहे." चहा येईपर्यंत त्यांनी अशी नऊ बिलं बाजूला काढली.

"रिक्षा थांबलीय ना?" उमाकाकू पर्स उचलून उठल्या. "घाईत पेन लागला असेल हो."

"नऊ वेळा?" गुरुदत्तकाकांनी फार हळू आवाजात विचारलं. काकू खुर्चीत परत बसल्या.

अनुया आंटींकडे बघतच राहिली. खोटं बिल कसं पकडायचं हे सांगायला सरांना आठवडाभर लागला होता, ते या बाईने वायर मोजता मोजता केलं होतं. तिला राहवेना. काउंटरला वळसा घालून ती नमस्काराला त्यांच्या पायांशी वाकली.

आंटी दचकून मागे सरल्या. "अरे, नीचे क्या ढूँढती है? बल्बचे होल्डर वर आहेत!"