ऑम्निबस मास्तर

निपाणीत आमच्या शेजारी राहणारे अप्पा मास्तर मोटारबसमध्ये पाय ठेवत नसत. भीती ना विटाळाची, ना अपघाताची. भांडण होतं नावाशी.

बाळांनो, तुम्ही तिकडे रोज बसने शाळेला जाता, म्हणून सांगते. मूळ शब्द ऑम्निबस. लॅटिन, अर्थ ‘सर्वांसाठी’. फ्रान्समध्ये घोडागाडीला हे नाव पडलं. इंग्रजांनी अर्थाचा भाग टाकून ‘बस’ हा नुसता प्रत्यय ठेवला.

“‘सर्वेभ्यः’मधलं ‘भ्यः’ तेवढं उचललंय!” मास्तर कडाडत. “शेपटीला घोडा म्हणायचं, आणि वर खोगीर घालायचं!”

पेन्शनीत निघाल्यापासून ते रोज सकाळी छत्री घेऊन मोटारस्टँडवर जात आणि तंबाखूच्या व्यापाऱ्यांना हे ऐकवत. व्यापारी कानाला उपरणं गुंडाळत.

“नाव पुरं घे. ऑम्निबस,” ते ड्रायव्हरला दटावत.

“पुरं नाव घेस्तवर संकेश्वर येतंय की वो, मास्तर!”

त्या काळी मोटार घड्याळावर सुटत नसे. सगळ्या जागा भरल्या की सुटे. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेला आत्या आणि मी बेळगावला निघालो, त्या सकाळी नेमकी एक जागा भरेना. दुपारी दोनला इंग्रजीचा पेपर. नऊ वाजले, दहा वाजले. ड्रायव्हर विडी ओढत बसलेला. मला रडू फुटलं.

मास्तर आले. माझ्याकडे बघितलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चढून माझ्या शेजारी बसले.

“बाटला काय वो मास्तर?” ड्रायव्हर हसला. “आता हिला म्हणायचं काय?”

“बस म्हण, न्हाय तर म्हस म्हण. आधी चालू कर.”

“बेळगावात कुणाकडं उतरणार?”

मास्तरांनी छत्रीची मूठ उगीच पुसली. “तिथं कोण हाय माझं? घाटाखाली सोड मला. पैसे बेळगावपर्यंतचे घे.”

निपाणीपासून दोन कोसांवर, तवंदी घाटाच्या पायथ्याशी ते उतरले. उतरताना छत्री जागेवर आडवी ठेवली आणि ड्रायव्हरला बजावलं, “जागा धरलीय माझी. वाटेत कुणाला घ्यायचं न्हाय. पोरीला पुस्तकं पसरायची हायत.”

मी पुस्तकं पसरली. पहिल्या वळणावर मागं वळून पाहिलं. भर उन्हात, डोक्यावर हात धरून, मास्तर निपाणीकडे परत चालले होते.