कागदावरचा का खरा?

आमच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आहेर चालला होता. माईकवर नावं पुकारली जात होती. तेवढ्यात आमचे शेजारी कल्लाप्पा अण्णा पुढे आले, नवरीच्या हातात साडीचा डबा ठेवला आणि पुकारणाऱ्याच्या हातातला माईक ओढून घेतला.

"डब्यावर बाराशेची चिठ्ठी हाय," अण्णा सगळ्या मांडवाला म्हणाले, "ती खोटी. साडी साडेचारशेला पडली. पावती आत हाय."

विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जेवणाची व्यवस्था बघायच्या निमित्ताने तिथून पळालो.

गावातल्या कुणाला यात नवल वाटलं नाही. गेली दोन वर्षं हा माणूस किमतीच्या बाबतीत खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलू देत नाही. कुणी काही विकत घेतलं, की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "कागदावरचा का खरा?" म्हणजे तू सांगतोयस तो आकडा कागदावर लिहिलेला आहे, की खरोखर मोजलेला? मी नवी मोटरसायकल आणली तेव्हा लोकांनी मायलेज विचारलं. अण्णांनी चष्मा लावून बिल वाचलं आणि दुकानदाराने फुकट म्हणून दिलेल्या हेल्मेटची किंमत त्यातच धरलीय, हे शोधून काढलं. तेव्हापासून ते हेल्मेट घालताना मला आनंद होत नाही.

बाजारात ते कोथिंबिरीच्या जुडीचीसुद्धा पावती मागतात. भाजीवाली म्हणते, "अण्णा, पावती न्हाय. आणि एक जुडी घ्या आणि जावा." त्यामुळे त्यांच्या घरी कोथिंबीर भरपूर असते. एकदा मी बोलण्याच्या ओघात म्हणालो, की हिरव्या वैरणीची पेंडी पंचवीसला मिळते. अण्णा सायकल काढून गेले आणि तासाभराने घामाघूम होऊन आले.

"तीस," ते म्हणाले. "सुऱ्या, पंचवीस पंचवीस म्हणून सांगत हिंडू नकोस."

मी शहरात, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. ती मला साहेब म्हणतात. अण्णांसाठी मी पन्नाशीतही सुऱ्याच आहे.

आता खरं सांगायचं तर अण्णा आधी असे नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याला राहणाऱ्या एका भाऊबंदाकडून बारा गुंठे जमीन घेतली. गुंठ्याला मोजले तीन लाख आणि खरेदीखतावर लिहिले एक लाख. स्टँपचा खर्च वाचावा म्हणून सगळेच असं करतात. शहरात अनगोळला मी प्लॉट घेतला तेव्हा मीही तेच केलं होतं. बाँड रायटरने अण्णांना विचारलं, "किती लिवू?" चहात साखर किती घालू, हे विचारावं तसं. अण्णांनी एक बोट वर केलं.

त्या खताला दोन साक्षीदार लागले. त्यातला एक मी. कुणाच्या कागदावर सही केली की त्याने साक्षीदारांना खायला घालायचं, अशी आमच्याकडची रीत. अण्णांनी आम्हाला मसाला डोसा खिलवला. "दीड लाख वाचलं रं सुऱ्या, आणि एक खा!" मी आणखी एक खाल्ला.

दोन वर्षांनी बायपासची नोटीस आली. गावाच्या उगवतीकडची शेतं रस्त्यात जाणार होती. सगळे म्हणाले, जायची तर जाऊ दे, पण भाव नीट द्या. आता सरकार भाव कसा ठरवतं? मागच्या काही वर्षांत त्या गावात जमिनीची जी खरेदीखतं झाली, ती काढून बघतं. आमच्या गावात जमीन सहसा कुणी विकत नाही. त्या वर्षांत एकच खत झालं होतं. त्यावर एका बाजूला अण्णांचा अंगठ्याएवढा फोटो होता आणि खाली माझी सही होती.

झालं. गावाचा भाव लाख रुपये गुंठा. कायद्याने त्यावर जी वाढ मिळायची ती मिळणार होती, पण पायाच खोटा, तर भिंत किती उंच जाणार? आणि गंमत म्हणजे बायपासची रेघ अण्णांच्या शेताला वळसा घालून गेली होती. त्यांची वीतभर जमीन गेली नाही. शांताक्काची सगळी गेली.

शांताक्का म्हणजे अण्णांच्या जिवलग मित्राची, भरमाची बायको. भरमा जाऊन दहा वर्षं झाली. त्या दोघांकडे एकेकच बैल होता. ते जोडून आधी एकाचं, मग दुसऱ्याचं शेत नांगरायचे. भरमामागे आक्काला एकच एकर आणि एक म्हैस उरली. त्या एकरातली वैरण म्हैस खायची आणि म्हशीच्या दुधावर आक्काचं घर चालायचं.

देवळाच्या कट्ट्यावर लोकांनी अण्णांना नाही नाही ते ऐकवलं. पहिले तीन दिवस अण्णा भांडले. "सगळीच लिवत्यात की! तुमी लिवला नसता?" चौथ्या दिवशी ते गप्प झाले. मी कारण विचारलं.

"शांताक्काला काल भाव कळला," ते म्हणाले. "मला वाटलं, आता येती आणि शिव्या घालती. आली न्हाय. सकाळी रोजच्यागत ताक धाडलं रं तिनं. तांब्या भरून."

एवढं बोलून ते उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला साबणाची खरी किंमत विचारू लागले. हा सगळा प्रकार तिथून सुरू झाला.

भाव वाढवून मागायला गावाने तक्रारअर्ज दिले. त्यात अण्णांचाही एक होता. सुनावणीला आम्ही सगळे गेलो. साहेबांनी अण्णांचा अर्ज वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि चष्मा काढला.

"येन्री यजमानरे, काय हो मालक, तुमची जमीन गेली नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याच," अण्णा म्हणाले. "त्या खतावरचा आकडा खोटा हाय. मी तीन लाखानं घेटलीया. गावाला खरा भाव लावा."

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "हे लिहून दिलंत तर बुडवलेला स्टँप भरावा लागेल. वर दंड."

"घ्या की. पर पावती द्या."

सगळी खोली हसली. साहेबही हसले. मी हसलो नाही. त्या खतावर माझी सही आहे, मीही ते पैसे मोजताना बघितलेत, हे सांगायला मी उठायला हवं होतं. नोकरीचा विचार आला, अनगोळच्या प्लॉटचा विचार आला आणि मी बसून राहिलो. अण्णांनीही माझं नाव घेतलं नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी माझंही तिकीट काढलं, याचीच मला जास्त लाज वाटली.

गावाचे अर्ज वरच्या कचेरीत गेले आणि अजून वरच आहेत; भरपाईचे पैसेही तिथेच अडकलेत. अण्णांच्या दंडाची नोटीस मात्र पंधरा दिवसांत आली. त्यांनी दंड भरला आणि ती पावती देवघराशेजारी खिळ्याला लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. "हा आकडा खरा हाय," म्हणतात.

या उन्हाळ्यात यंत्रं आली. आक्काच्या एकरावर मुरूम पडला. म्हैस विकून टाक, असं तिला चौघांनी सांगितलं. ती म्हणाली, भरमानं आणलेल्या म्हशीची ही नात हाय, इकणार न्हाय. लोक वैरण द्यायला गेले, तर तिने फुकटची काडी घेतली नाही.

मागच्या रविवारी सकाळी मी किटली घेऊन आक्काकडे दुधाला गेलो होतो. तेवढ्यात अण्णा सायकलवरून आले. कॅरियरला हिरव्यागार मक्याच्या चार पेंड्या बांधलेल्या.

"शेतात जास्त झालीया," अण्णा म्हणाले. "ठेवून घे."

"पैसं घेणार असलास तर टाक, न्हाईतर घेऊन जा," आक्का म्हणाली. "पेंडी कितीला?"

अण्णांनी सायकलची घंटी उगाच पुसली.

"पाच रुपये."

आक्का माझ्याकडे वळली.

"व्हय रं सुरेश? तू बाजारात हिंडतोस. पाचच हाय?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते म्हशीकडे बघत होते, आणि त्यांचे कान तेवढे लाल झाले होते. मी पंचवीस म्हटलं म्हणून तासभर उन्हात सायकल हाणणारा हा माणूस.

"पाचच हाय आक्का," मी म्हणालो. "कुठं कुठं चारला बी देत्यात."

आक्काने आम्हा दोघांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग कनवटीची पिशवी काढून वीस रुपये अण्णांच्या हातावर ठेवले.

"पावती?" ती म्हणाली.

"घरातल्या घरात कसली पावती गं," असं पुटपुटत अण्णा पेंड्या उचलून गोठ्यात गेले. एक पेंडी सोडून त्यांनी म्हशीपुढे पसरली आणि ती खाईपर्यंत तिच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. कोपऱ्यावर ते थांबले आणि आक्काने दिलेले वीस रुपये नीट घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवले.

"दूध घरात ठेवून ये," अण्णा म्हणाले. "डोसा खायला जाऊ. साक्षीदाराला खायला घालाय लागतंय."