वळणापर्यंतचा निरोप

सकाळी साडेआठला तादोकोरो दांपत्याने कुराता यांच्या पांथगृहाच्या पायरीवर बसून बूट चढवले, तेव्हा सारे काही घड्याळाप्रमाणे चालले होते. नागोयाहून निघून किसो खोरे, तिथून ताकायामा, मग शिराकावाची गवती छपरांची घरे आणि शेवटी कानाझावा, असा त्यांचा आठ दिवसांचा बेत होता. तादोकोरो निवृत्त स्टेशनमास्तर असल्याने तो मिनिटांसह कागदावर मांडलेला होता. ताकायामाची बस नऊ वाजून वीस मिनिटांनी होती. त्यानंतरची थेट दुपारी तीनला.

पांथगृहाच्या मालकीण हात्सुएबाई दारात उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या. पाहुणा रस्त्याच्या टोकाला, पाणचक्कीपाशी वळून दिसेनासा होईपर्यंत यजमानाने पाठ फिरवायची नाही, हा त्या घराचा नियम. सेहेचाळीस वर्षे त्यांनी तो पाळला होता. बर्फात पाळला, दाढ सुजलेली असताना पाळला. सून मिहोको मात्र मागच्या आठवड्यात पाहुणे वळणापासून चार पावलांवर असतानाच आत आली होती.

"आई, आमटी उतू जात होती."

"आमटी दुसरी करता येते. या वर्षी दार तुझ्यावर सोपवायचं म्हणत होते. आता बघू."

ते 'बघू' ऐकल्यापासून मिहोको सासूच्या मागे निमूट उभी राहत असे.

तादोकोरो दांपत्य चारशे पावले चालून वळणाशी पोहोचले, वळून पाहिले आणि वाकले. हात्सुएबाई वाकल्या. ते पुन्हा वाकले. इतके रीतीप्रमाणेच होते. पण पुढे ते जाईनात. पाणचक्कीपाशी तसेच उभे राहिले.

"काही विसरलेत का गं?" हात्सुएबाईंनी मान खालीच ठेवून विचारले.

"नाही, आई. ते थांबलेत. तुम्ही आत जायची वाट बघताहेत."

"मी आत जायची? मी कशी जाईन?"

"काल जेवताना सांगत होते ना, अडतीस वर्षं फलाटावर उभे होते. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाल्याशिवाय हलायचं नाही, अशी सवय आहे त्यांना."

म्हणजे मागे उभे राहण्यात जन्म घालवलेली दोन माणसे त्या रस्त्याच्या दोन टोकांना समोरासमोर आली होती. नऊला पाच कमी होते. आपल्या दारातून निघालेल्या पाहुण्यांची बस चुकावी, ही या घराला न शोभणारी गोष्ट होती. आणि आपण आधी आत जावे, ही त्याहून न शोभणारी.

"सायकल काढ. म्हणावं, कृपा करून निघा."

मिहोको सायकलवरून गेली. तिने निरोप सांगितला, दोघांनी वाकून आभार मानले, ती वाकली. "मालकीणबाई आत गेल्या की लगेच निघतो," तादोकोरो म्हणाले. आता त्यांच्याकडे पाठ करून परतायचे कसे, हे मिहोकोला समजेना. तीही तिथेच राहिली.

एवढ्यात समोरचे लाखकाम करणारे कागेयामा दुकान उघडायला आले. वाकलेल्या वडीलधाऱ्या बाईंच्या समोरून जाणे बरे नव्हे, म्हणून ते शेजारी उभे राहून वाकले.

"कोण वारलं?" त्यांनी हळूच विचारले.

"कुणी नाही. नागोयाचे पाहुणे निघालेत."

"कधी?"

"अर्धा तास झाला."

कागेयामांनी वळणाकडे पाहिले. "पाय जड झालेले दिसतात त्यांचे."

"तुम्ही जा हो दुकानात."

"आता कसा जाऊ? ते बघताहेत ना माझ्याकडे."

मग लोणचेवाल्या बाई आल्या, टपालवाला आला, पाठोपाठ आणखी तिघे शेजारी आले. नऊ वाजून पंधरा मिनिटांनी त्या दारात सात माणसे वाकलेली होती. वीस मिनिटांना थांब्याकडे जाणारी बस वाटेत त्यांना पाहून पाणचक्कीपाशी थांबली. चालकाने दार उघडले, दोन्ही बाजूंचा प्रकार पाहिला, टोपी काढून तोही वाकला, आणि मग वेळ झाली म्हणून निघून गेला. तादोकोरोंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "अगदी वेळेवर सुटली," असे ते समाधानाने म्हणाल्याचे मिहोकोने नंतर सांगितले.

तिघे परत आले. हात्सुएबाई जणू त्यांना प्रथमच पाहत असल्यासारख्या म्हणाल्या, "या, या. प्रवासाने दमला असाल."

दुपारी जेवण झाले, चहा झाला. अडीच वाजता सासू-सुना स्वयंपाकघरात कुजबुजल्या.

"आता पुन्हा तेच होणार, आई."

"होऊ देणार नाही. गाडी काढ. तू त्यांना थांब्यावर पोचव. गाडीला पाय नसतात, ती वळणावर थांबायची नाही."

तसेच झाले. मोटार अर्ध्या मिनिटात दिसेनाशी झाली, हात्सुएबाई ताठ झाल्या आणि आत येऊन कंबर शेकत बसल्या. थांबा तर चालतही दहा मिनिटांवर होता. पण साडेतीन झाले, चार झाले, मिहोको येईना. ती आली तेव्हा पाच वाजले होते आणि तिचे नाक थंडीने लाल झाले होते.

"बस चुकली?"

"नाही, वेळेवर आली. दोघं मागच्या काचेशी बसले. बस थोडी पुढे जाऊन रेल्वेच्या फाटकाशी थांबली."

"मग?"

"मालगाडीचं इंजिन बिघडलं होतं, फाटक उघडेना. ते काचेतून वाकत होते. मी रस्त्यावर."

"किती वेळ?"

"दीड तास. आमटी टाकायची राहिली, आई."

हात्सुएबाईंनी कमरेचा शेक बाजूला ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"उद्यापासून दारात तू उभी राहा."

"आणि तुम्ही?"

"आमटीकडे कुणीतरी बघायला हवं."

असे म्हणून त्यांनी सेहेचाळीस वर्षांत प्रथमच आधी पाठ फिरवली. मिहोको कमरेतून वाकली. स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ चांगला लांब होता, आणि हात्सुएबाई मुद्दाम सावकाश चालत होत्या.