ध्वनिमुद्रित भोंगा

त्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात निवेदकाने शिक्षकांविषयी जे मत मांडले, त्याचे मूळ कारण चहा हे होते. त्याची बायको शाळेत गणित शिकवीत असे. वार्षिक परीक्षेचा पहिलाच दिवस असल्यामुळे ती उजाडताच बाहेर पडली आणि जाताजाता म्हणाली, "चहा तेवढा करून घ्या." चहाची पूड कुठे ठेवलेली असते, ही माहिती निवेदकाने लग्न झाल्यापासून कधी मिळवलेली नव्हती. त्याने तीन डबे काढले. पहिल्यात मीठ निघाले, दुसऱ्यात सुया-दोरे, आणि तिसऱ्याचे झाकणच निघेना. तेव्हा तो तसाच निघाला. पुढे शाळेसमोर मुलांना सोडायला आलेल्या वाहनांनी रस्ता तुंबला होता. तिथे अडकून तो रेडिओ केंद्रावर पोहोचला, तेव्हा स्टुडिओतला लाल दिवा लागायच्या बेतात होता.

निवेदकाचा आवाज असा होता, की खिडक्या बंद करूनही त्याचा कार्यक्रम शेजारच्या घरात ऐकू जाई. गावात त्याला प्रेमाने 'भोंगा' म्हणत. पहिले गाणे सुरळीत पार पडले. दुसरे संगणकात अडकले. काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञ बाईंनी दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखी खूण केली. केंद्रावर या खुणेचा अर्थ एकच होता : बोलत राहा. काय बोलावे, हे सांगणारी खूण अद्याप कोणी ठरवलेली नव्हती.

"मंडळी," भोंगा म्हणाला, "आत्ताच शाळेसमोरून आलो. मला एक कळत नाही, हे शिक्षक नेमकं करतात काय? तेच पुस्तक, तोच धडा, तोच फळा. वर दोन महिने भरपगारी सुट्टी. अहो, वर्गात एक रेकॉर्डिंग लावून ठेवलं तरी भागेल. रेकॉर्डिंगला पगार लागत नाही, सुट्टी लागत नाही, आणि ते सकाळी सकाळी घरच्या माणसाला चहावाचून टाकून जात नाही."

गाणे केव्हाच सुटले होते. तंत्रज्ञ बाई गळ्यावरून हात फिरवून 'थांबा' असे सांगत होत्या. परंतु रंगात आला की डोळे मिटून बोलायची भोंग्याला सवय होती. त्याने डोळे उघडले तेव्हा केंद्रातले सगळे टेलिफोन एकदम वाजत होते.

पहिला फोन त्यानेच उचलला.

"मी तुझा भूगोलाचा मास्तर."

"सर, तुम्ही ऐकता माझा कार्यक्रम?"

"कालपर्यंत ऐकत होतो. नकाशात उत्तर कुठं असतं हे तुझ्या डोक्यात शिरायला एक अख्खं वर्ष लागलं. रेकॉर्डिंगनं घातलं असतं का ते डोक्यात? उभा राहा आधी."

निवेदक खरोखरच उभा राहिला, आणि फोन संपेपर्यंत उभाच राहिला.

दुसरा फोन गणवेशाच्या दुकानदाराचा होता. केंद्रावरच्या निम्म्या जाहिराती त्याच्या असत. "साहेबांना सांगा, हा माणूस आज संध्याकाळी नोकरीवर दिसला तर आमची जाहिरात उद्या दिसणार नाही," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी शिक्षक होता, आणि ज्याच्या घरात नव्हता त्याला लहानपणी कोणी तरी शिकवलेच होते. फक्त बायकोचा फोन आला नाही, आणि खरी धडकी निवेदकाला त्याचीच भरली.

दुपारी परीक्षेचा पेपर सुटला, आणि शिक्षकांचा मोर्चा निघाला. मोर्चा कसा काढावा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. दोघांची रांग होती, उंचीप्रमाणे. रस्ता ओलांडताना सर्वांनी आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहिले. 'भोंग्याला काढा' ही घोषणा मागच्या रांगेतून अर्धवट उमटली, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी ती सर्वांकडून पुन्हा म्हणवून घेतली. निवेदक वरच्या खिडकीतून पाहत होता. त्याची बायको ठेंगणी होती. त्यामुळे ती ओघानेच पहिल्या रांगेत होती.

"त्या तुमच्याच ना?" केंद्रसंचालकांनी विचारले.

"हो साहेब."

"घोषणा देतायत का त्या?"

"ओठ हलतायत. आवाज काही येत नाहीये इथवर."

"बसा."

संचालक हे स्वभावाने सज्जन होते आणि निर्णयाला घाबरत. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक स्पीकर होता. केंद्राचे प्रक्षेपण प्रत्येक खोलीत सतत ऐकू आलेच पाहिजे, असा त्यांचाच नियम असल्यामुळे त्याला बंद करायचे बटणच ठेवलेले नव्हते. त्यातून आता सतार वाजत होती.

"साहेब, चूक झाली," निवेदक म्हणाला. "पण मत म्हणजे मत असतं. पोटात चहा नव्हता, तोंडातून निघून गेलं. एवढ्यासाठी माणसाची नोकरी घ्यायची? ऐन पन्नाशीत मी दुसरं काय करू? मला बोलण्याखेरीज काही येत नाही."

"ते आज सकाळी दिसलंच."

"माफी मागतो. उद्या सकाळी सगळ्या गावासमोर मागतो. माफीला काही किंमत आहे की नाही?"

तेवढ्यात सतार थांबली आणि स्पीकरमधून त्याचाच आवाज गरजला, "माफीला काडीचीही किंमत नाही."

दोघेही दचकले. दुपारी चालू घडामोडींवर निवेदकाच्या भाषणाचा कार्यक्रम असे. तो दोन दिवस आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची केंद्राची पद्धत होती. या आठवड्याचा विषय, दूरच्या कुठल्याशा गावातल्या एका निवेदकाने सायकलवाल्यांचा केलेला अपमान, हा होता. सकाळच्या गडबडीत तो विषय दोघांच्याही डोक्यातून साफ उतरला होता.

"म्हणजे साहेब, कसं आहे," निवेदक घाईने म्हणाला, "प्रत्येक माणसाला एक संधी..."

"संधी कसली देता?" स्पीकर म्हणाला. "हातात माईक आहे म्हणून काहीही बरळायचं? अशा माणसाला त्याच दिवशी घरी पाठवा. तो कोण आहे, किती वर्षं काम करतोय, काही बघू नका."

"हे सायकलीबद्दल आहे, साहेब."

"उद्या माझ्या तोंडून असलं काही निघालं," स्पीकरचा आवाज आता भरून आला होता, "तर मलाही काढा. मी म्हणतो, मलाच आधी काढा."

संचालकांनी स्पीकरकडे पाहिले, मग खुर्चीतल्या निवेदकाकडे पाहिले. "तुमच्या दोघांपैकी मी ऐकू कुणाचं?" त्यांनी विचारले. "मला तर हे भिंतीवरचे जास्त पटतायत."

निवेदकाने डोके हातांत धरले. पण खाली रस्त्यावर भलतेच घडत होते. भूगोलाच्या मास्तरांच्या खिशात छोटा रेडिओ होता आणि त्यांनी तो मोठा केला होता. 'मलाच आधी काढा' हे शब्द ऐकताच मोर्चातल्या घोषणा बंद पडल्या. पाठोपाठ टेलिफोन पुन्हा सुरू झाले, मात्र त्यांचा सूर बदललेला होता.

"साहेब, असा माणूस शोधून सापडायचा नाही," गणवेशाचा दुकानदार गहिवरून सांगत होता. "स्वतःची चूक, स्वतःच्या तोंडानं, सगळ्या गावासमोर. याला काढलात तर माझी जाहिरात बंद."

संचालकांनी फोन हळूच खाली ठेवला. "लोकांना वाटतंय तुम्ही हे आत्ता बोलताय."

"मग सांगून टाकू या, की परवाचं आहे?"

"वेडे आहात का? दुकानदार रडतोय तिकडे. तुमची नोकरी वाचतेय, माझ्या जाहिराती वाचतायत. गप्प राहायला काय लागतं तुम्हाला?"

निवेदकाला आजवर एवढी अवघड गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तरी तो गप्प राहिला असता. परंतु त्याच वेळी जिन्यावर पावले वाजली. खालून शिपाई ओरडला, "साहेब, मोर्चातल्या बाई आणि मास्तर वर येतायत. भोंग्याचं अभिनंदन करायचं म्हणतात."

दोघांनी स्पीकरकडे पाहिले. कार्यक्रम अजून बराच बाकी होता. निवेदक या खोलीत बसला आहे आणि निवेदक प्रक्षेपणात गरजतो आहे, हे दृश्य शिक्षकांना, त्यातून एका गणिताच्या शिक्षिकेला, समजावून सांगणे कठीण होते.

"स्टुडिओत पळा," संचालक म्हणाले.

निवेदक मागच्या दाराने धावला, स्टुडिओत शिरला आणि बंद माईकसमोर जाऊन बसला. तंत्रज्ञ बाईंनी प्रसंग ओळखून लाल दिवा लावला. काचेपलीकडे मुख्याध्यापिका बाई, भूगोलाचे मास्तर आणि बायको येऊन उभी राहिली, तेव्हा तो रेकॉर्डिंगबरोबर ओठ हलवू लागला होता. भाषण त्याला तोंडपाठ होते. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या संध्याकाळी त्याने ते घरी आरशासमोर इतक्या वेळा म्हटले होते, की बायकोने शेवटी कानांत कापूस घातला होता. आता तिच्या कानांत कापूस नव्हता. ती मान थोडी तिरपी करून, एखादे गणित उत्तर बरोबर येऊनही रीत चुकलेली असावी, तसे त्याच्याकडे पाहत होती.

"किती तळमळीनं बोलतो हो," मुख्याध्यापिका बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"माझा विद्यार्थी," मास्तर म्हणाले.

काम बिनचूक चालले होते. हात वर जायचा तिथे जात होता, मूठ आपटायची तिथे आपटत होती. एवढ्यात तंत्रज्ञ बाईंना त्याची दया आली. बिचाऱ्याने सकाळपासून काही घेतलेले नाही, हे साऱ्या गावाने ऐकले होते. त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा कपात ओतला, पाऊल न वाजवता आत जाऊन त्याच्यापुढे ठेवला आणि तशाच बाहेर आल्या.

चहाची वाफ निवेदकाच्या नाकात शिरली. दिवसभरात त्याचा जीव पहिल्यांदाच थाऱ्यावर आला. पुढे काय झाले ते त्यालाही सांगता आले नसते. त्याने कप उचलला, डोळे मिटले आणि एक लांब, मनःपूत घोट घेतला.

"आणि मी ठणकावून सांगतो," त्याचा आवाज सर्व खोल्यांत दुमदुमला, "या देशातल्या एकाही सायकलवाल्याची मान खाली जाता कामा नये."

निवेदक अजून पीत होता.

"चहा पिताना बोलतोय," मास्तर म्हणाले.

"आणि सायकलवाले कुठून आले?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारले.

संचालक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. निवेदकाने डोळे उघडले, काचेपलीकडचे तीन चेहरे पाहिले आणि घाईने ओठ हलवले. परंतु रेकॉर्डिंगमध्ये नेमके तेव्हा त्याने पाणी पिण्यासाठी विश्रांती घेतली होती. शांततेत त्याचे तोंड उघडत-मिटत राहिले. मग तंत्रज्ञ बाईंनीच लाल दिवा बंद केला.

तो बाहेर आला. बायकोचे खांदे हलत होते. ती रडते आहे असे वाटून तो पुढे झाला, तर ती हसत होती.

"रेकॉर्डिंग लावून ठेवलं तरी भागेल म्हणालात ना सकाळी?" ती म्हणाली. "नाही हो भागत. चहा आला की उघडं पडतं."

"म्हणजे पश्चात्ताप खोटा," मुख्याध्यापिका बाई कडाडल्या. "आमची मागणी पुन्हा लागू. आजच्या आज काढून टाका याला."

"बाई, एक बोलू?" बायको म्हणाली. "आपल्या वर्गात एखादा मुलगा वाह्यात बोलला, तर आपण त्याचं नाव शाळेतून काढतो का? बाकावर उभा करतो. नाव काढलं तर तो सुधारणार कुठं? रस्त्यावर? यांच्या बोलण्याचा सगळ्यात जास्त राग कुणाला आला असेल, ते मला विचारा. घरी गेल्यावर बघतेच मी यांच्याकडे. पण नोकरी नका घेऊ. दिवसभर घरात बोलत बसतील."

शेवटचा मुद्दा ऐकून मुख्याध्यापिका बाई विचारात पडल्या. मास्तरांनी मान डोलावली. "बाकावर उभा करायला हरकत नाही. याला सवय आहे."

"पण काही तरी शिक्षा तर दिसली पाहिजे," संचालक म्हणाले. त्यांना दुकानदार आठवत होता. ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातून एक निर्णय झाला. रीतसर चौकशी होईल. चौकशीला दोन महिने लागतील. तोवर निवेदकाने घरी बसायचे. नियमाप्रमाणे पगार पूर्ण मिळेल.

"आणि सकाळचा कार्यक्रम?" तंत्रज्ञ बाईंनी विचारले.

"जुनी रेकॉर्डिंग्ज लावा," संचालक म्हणाले. "नाही तरी हे रोज तेच बोलतात."

शाळेला सुट्टी लागली, तरी बायको रोज सकाळी उत्तरपत्रिका तपासायला शाळेत जात होती. त्या संपल्या, मग निकाल आला; निकाल झाला, तर पुढच्या वर्षाचे वेळापत्रक निघाले. पहिल्याच सकाळी तिने निवेदकाला चहाच्या पुडीचा डबा दाखवला. झाकण न निघणारा तो तिसराच होता. ते फिरवून काढायचे असते. निघताना ती दारातून रोज विचारी, "सुट्टी कशी चाललीय, भरपगारी?" आणि निवेदक कपात पाहत राही.

गावाने तक्रार केली नाही. भोंगा रोज सकाळी गरजत होता, आणि तो आज गरजतो आहे की गेल्या वर्षी गरजला होता, याने कोणाचे काही अडत नव्हते. तंत्रज्ञ बाई जुन्या कार्यक्रमांतली वेळ आणि हवामान तेवढे काळजीपूर्वक कापून टाकत. एके दिवशी मात्र एक तुकडा नजरेतून सुटला.

त्या दिवशी बायको दुपारी घरी आली, तर बाहेर लख्ख ऊन पडले होते आणि धुतलेले सगळे कपडे पुढच्या खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर ओलेगच्च लोंबत होते.

"एवढ्या उन्हातले कपडे आत कुणी आणले?"

"मी," निवेदक म्हणाला. "रेडिओवर सांगितलं, धो धो पाऊस येणार म्हणून."

"कुणी सांगितलं?"

निवेदकाने तोंड उघडले, मिटले, आणि एक शर्ट उचलून तो दोरीवर वाळत घालायला बाहेर गेला.