केसाजी महाराजांच्या डोळ्यांतली वाढ

एका जंगलात, बाळांनो, केसाजी नावाचं अस्वल राज्य करत होतं. मध्येच टाळ्या वाजवू नका. ते हरणांचं काम आहे, ती पुढे येतील.

महाराजांची नजर मोठी तेज. तीन टेकड्यांपलीकडचं पोळं त्यांना बसल्या जागी दिसायचं. त्या नजरेवरच ते राजे झाले होते. पोळं दिसलं की खायचं आणि खाल्लं की दुसरं शोधायचं, असा कारभार वर्षानुवर्षं चालला. मग महाराजांना मधुमेह झाला आणि एके सकाळी तिसरी टेकडीच दिसेना.

महाराज मनातून घाबरले. पोळं दिसलं नाही तर आपल्याला राजा कोण म्हणेल? त्यांनी ढोकरीबाईंना बोलावलं. ढोकरीबाई म्हणजे तळ्याकाठची लांब चोचीची पक्षीण, जंगलातली डोळ्यांची डॉक्टर.

"साखरेनं जुन्या रक्तवाहिन्या बिघडल्यात," बाई डोळ्यांत बघत म्हणाल्या. "आतल्या पडद्याला प्राणवायू मिळेना, म्हणून तो वाढीचं रसायन सोडतोय. त्यानं नव्या रक्तवाहिन्या उगवतायत."

"नव्या?" महाराजांचा चेहरा खुलला. "किती?"

"पुष्कळ. पण कच्च्या आहेत, गळतात. केव्हाही फुटतील आणि डोळ्यांत रक्त उतरेल. मध आवरा. आणि मी डोळा बधिर करून चोचीनं औषध सोडते, म्हणजे ही वाढ थांबेल."

महाराजांनी चोचीकडे बघितलं. चोच चांगलीच लांब होती. आता राजा काही भीती वाटते असं म्हणत नाही.

"वाढ थांबवायची? माझ्या राज्यात?" महाराज गरजले.

"पडद्यानं मागणी केली आणि लगेच काम सुरू झालं," प्रधान तरस म्हणाला. "इतका तत्पर कारभार कुठं बघितलाय? बाईंना वाढ बघवत नाही, दुसरं काय!"

बाईंना तळ्यावर परत धाडलं. नव्या रक्तवाहिन्यांचा जाहीर सत्कार ठरला. 'महाराजांच्या डोळ्यांत विक्रमी वाढ!' असा फलक लागला. उंबराखाली मंच उभारला आणि वर महाराजांसाठी खास ताजं पोळं टांगलं. हरणांनी टाळ्या वाजवल्या.

महाराज शाल सावरून भाषणाला उभे राहिले. तेवढ्यात डोळ्यांपुढे काळे धागे तरंगले. मग अंधार झाला.

"काय रे, अंधारून का आलं?"

"ढग आलेत, महाराज," तरस म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. हरणांनी वर बघितलं आणि माना डोलावल्या.

महाराजांनी हवा हुंगली. पोळं नाकापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी पंजा डावीकडे फिरवला, मग उजवीकडे.

"वास येतोय रे, तरसा. पोळं कुठाय?" आवाज रडवेला झाला होता. खरं सांगतो, मलाही वाईट वाटतं.

तरसानं पोळं हळूच उतरवलं.

"अजून वाढतंय, महाराज," तो म्हणाला आणि खायला लागला.

तात्पर्य : वाढ कधीही थांबवू नये. ती ज्याच्या डोळ्यांत होते त्याला काही दिसत नाही, आणि ज्याला सगळं दिसतं त्याचं पोट भरतं.