रामटेके सरांचा नर तुडतुडा

रामटेके सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या मानेवर. स्मृती नगरातल्या नव्या घरी मी सामान उतरवत होतो. शेजारचे हे गृहस्थ आले, "हालू नका" म्हणाले, काचेची नळी माझ्या मानेला लावली आणि दुसरं टोक तोंडात धरून सुर्रकन ओढलं. नळीत तांदळाच्या दाण्याएवढा किडा. भिंगातून बघून ते हिरमुसले. "मादी हाय," म्हणाले आणि नमस्कारही न करता निघून गेले.

किडा म्हणजे तुडतुडा. तो पानांचा रस पितो, सर आमचं डोकं खातात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी वर्ग काही सुटत नाही. तुडतुड्याची जात नराचे शेपटाकडचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच पक्की होते, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. सरांच्या अंगणातल्या लिंबावर म्हणे एक नवीच जात राहते. पण सापडतात त्या सगळ्या माद्या, म्हणून बारसं अडलेलं. "नर भेटू द्या, मंग पाहा," हे त्यांचं पालुपद. बायको, सुशीलाबाई, वारल्यापासून तर दुसरा विषयच नाही.

त्यात तुडतुडे पिवळ्या रंगावर येतात. माझ्या पुतणीची हळद आमच्या अंगणात होती, सरांच्या लिंबाला लागून. सगळ्या बाया पिवळ्या साड्यांत आणि सर नळी तोंडात धरून त्यांच्या पाठीमागे. नागपूरच्या आत्याबाई भडकल्या. "हा बुढा काय करून राहिला वो?"

"प्रोफेसर आहेत," मी हात जोडून सांगितलं. त्यानं तर त्या घाबरल्याच. तेवढ्यात नवरीच्या कोपरावरून काहीतरी ओढून सर घराकडे पळाले. जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चिडवायला गेलो. "पेढे कुठे आहेत, सर?"

सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता ते म्हणाले, "नर हाय. पन जात जुनीच निघाली. कवाच कोनी नाव देऊन ठेवलं."

"मग काय झालं? द्या तुमचं ठोकून. कोणाला कळणार आहे?"

"माझं नाई. सुशीलाचं द्याचं होतं. लिंबावर पयले तिलेच दिसला होता." त्यांनी चष्मा काढला. "दुसऱ्याच्या किड्याले माझं नाव कायले, म्हनली असती ती."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"काल नर दिसला ना," ते म्हणाले, "तवा खुशीत मी सैपाकखोलीकडे तोंड करून तिले आवाज देल्ला."